घरटी एक माणूस

चिंधू, तुझ्या दशक्रियेला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं चार पावलं मागं सरली न सरली तोच आला, घास उचलला आणि गेला. लोकांनी समाधानानं माना हलवल्या. "काय बी इच्छा राह्यली न्हवती बघा मानसाची," तुझा चुलतभाऊ कोंडाजी म्हणाला. मी मात्र खट्टू झालो. मला वाटलं होतं, कावळा थांबेल. ऊन चढेल, माणसं कुजबुजायला लागतील, आणि मग मला पुढं होऊन बोलावंच लागेल. दोन वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते कावळ्याच्या धाकानं तरी निघेल, असा माझा बेत होता. तू तेवढीही सोय ठेवली नाहीस.

त्याला आज चार दिवस झाले. जुन्नरच्या स्टँडाजवळच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात बसून हे लिहितोय. कॉम्प्युटरशेजारचं तुझं लोखंडी स्टूल तसंच आहे. परवा एक बाई प्रतिज्ञापत्र टाइप करून घ्यायला आल्या आणि सरळ त्यावर टेकल्या. मी त्यांना उठवणार होतो. मग लक्षात आलं, की कुणासाठी उठवायचं?

तू पहिल्यांदा त्या स्टुलावर बसलास तेव्हा पोस्टातून नुकताच रिटायर झाला होतास. काखेत दोनशे पानी वही. "मास्तर, ह्ये टाइप करून मिळंल का?" मला वाटलं पेन्शनचा अर्ज असणार. तुझ्यासारखे येतात आणि दोनशे पानं भरून तक्रारी लिहितात, मग मी त्याचा एक पानाचा अर्ज करून देतो. पण वही उघडली तर आत घाटघरच्या पलीकडची तुझी वाडी होती. उंबरे किती, झरे किती, कुठला झरा कुठल्या महिन्यात आटतो, जिरेसाळ भात कुठल्या खाचरात चांगला येतो आणि रायभोग कुठल्या, नाचणी कुठल्या उतारावर, कुठल्या वाटेनं उतरलं की कोकणात कुठं निघतं. डाक वाटत तीस-पस्तीस वर्षं ज्या पायवाटा तुडवल्यास, त्या सगळ्या वळणांसकट लिहिल्या होत्यास. 

"हे पाठवायचं कुणाला?" मी विचारलं.

"कुनाला न्हाई. कोशात टाकायचं हाय."

मग तू मला समजावून सांगितलंस. घोडेगावला दिलेल्या तुझ्या लेकीनं तुला मोबाइलवर दाखवलं होतं, की इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, तो कुणी मोठी माणसं बसून लिहीत नाहीत, लोकच लिहितात, फुकट लिहितात, जगातल्या झाडून सगळ्या भाषांत लिहितात. त्यात तुला तुझ्या वाडीचं नाव सापडलं नव्हतं. 

"कुणीही लिहू शकतं त्यात?"

"कुनी बी."

"आणि दुसऱ्यानं लिहिलेलं खोडू शकतं?"

"कुनी बी, राव."

"मग तो कोश कसला? एसटीच्या सीटची पाठ आहे ती. ज्याला वाटेल त्यानं खिळ्यानं कोरावं."

तू हसलास. तुझं ते हसणं मला कधी आवडलं नाही. वाद हरल्यावर माणसं हसतात तसं नव्हतं ते. समोरच्याला अजून वेळ लागणार आहे हे कळल्यासारखं होतं.

मी टाइप करत गेलो, तू शेजारी बसून बघत गेलास. पहिल्याच पानाला तू मला टोकलंस. पूर्णविराम दिल्यावर मी दोन जागा मोकळ्या सोडतो. पूर्वी टाइपरायटरवर तसंच शिकवायचे, आणि गेली चाळीस वर्षं माझी बोटं तसंच करतात. "कोशात एकच सोडत्यात मास्तर." मी म्हणालो, माझी बोटं तुझ्या कोशाची नोकर नाहीत.  मी चहा सांगायला उठलो की तू माझ्या खुर्चीत बसायचास आणि ती दुसरी जागा एकेक करून पुसत जायचास. पुढं सगळं स्वतः टाइप करायला शिकलास, तेही असंच, माझ्या चहाच्या वेळेत.

लोकांनी तुला काय काय म्हटलं, आठवतंय? स्टँडावरच्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "पगार किती देत्यात?" काही नाही म्हटल्यावर तुझ्याकडं दया आल्यासारखं बघायचे. आमच्या गल्लीतले एक रिटायर तलाठी मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "फुकट कोण करतं एवढं? पंचायत समितीला उभा राहणार आहे तो, बघा तुम्ही." राजुरीचा तो दूधवाला गडी तर आधी पोट धरून हसला. मग महिन्याभरानं भडकून आला, कारण एवढ्याशा वाडीचं पान मोठं आणि त्याच्या एवढ्या थोरल्या राजुरीचं पान आखूड हे कुणीतरी त्याला दाखवलं होतं. त्यानं माहिती लिहून आणली. मध्येच स्वतःचं नाव घातलं होतं, पुढं "प्रगतशील शेतकरी". तू ते नाव काढलंस. तो तीन आठवडे तुझ्याशी बोलला नाही. चौथ्या आठवड्यात गावातल्या सगळ्या जुन्या बारवा पायी फिरून, मोजून, लिहून घेऊन आला, आणि ह्या खेपेला स्वतःचं नाव त्यानं घातलं नव्हतं. खरं सांगतो, त्या दिवशी मी जरा हललो होतो.

आणि आणे गावच्या पठारावरचा तो धनगर म्हातारा. मेंढरं कुठलं गवत खातात आणि कुठल्यानं फुगतात हे विचारायला तू मला बळंच एसटीत घालून नेलं होतंस. म्हाताऱ्यानं आधी धुडकावलं. सरकारी माणसं समजला आपल्याला. तू सांगितलंस की कुणी पाठवलेलं नाही, कुणाला काही मिळणार नाही, फक्त लिहून ठेवायचंय. त्यानं बराच वेळ तुझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मी मेल्यावर बी राहील का त्ये?"

"राहील," तू म्हणालास.

"मंग लिव." आणि तो जो सुरू झाला तो मेंढरं परत वाड्यात येईपर्यंत. पवन्या, मारवेल, कुसळी, एकेका गवताचा महिना, एकेकाची चव. तो गवतांची चव सांगत होता चिंधू, स्वतः चघळून बघितल्यासारखी.   माझ्या दुकानात जन्मभर लोकांनी टाइप करून नेलं ते काहीतरी मागण्यासाठी. कुणीतरी काही देऊन टाकायला निघालंय, हे मी पहिल्यांदा बघत होतो.

पण सगळ्यात मोठी गंमत तुझ्या वाडीनं केली. एकदा तुझ्या वाडीच्या पानावर कुण्या अनोळखी माणसानं येऊन चार-पाच चुका दुरुस्त केल्या. नाव नाही, गाव नाही, नुसती खूण. तू हे वाडीत जाऊन सांगितलंस आणि तिथं चर्चा सुरू झाली. तुमच्यात पडकईची रीत. कुणाच्या उतारावर भाताचं खाचर काढायचं तर घरटी एक माणूस जातो, दगड-माती वाहतो, बांध घालून देतो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजुरी नाही, पण आलेल्याच्या रानात आपण गेलंच पाहिजे. तुझी बायको, ठकूवहिनी, चुलीपुढून म्हणाली, "त्यो आपल्या बांधावर येऊन गेला ना? मंग त्याचं रान कुटं हाय त्ये इचारा. आपल्याकडनं एक मानूस जायाला पायजे."

मी तिथंच जेवायला बसलो होतो. घास घशात अडकेपर्यंत हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

कोशात अशा प्रत्येक खुणेला निरोप ठेवायचं एक पान असतं, आणि तू खरंच त्या माणसाच्या त्या पानावर जाऊन लिहिलंस, की आपण आमच्या बांधावर येऊन काम करून गेलात, आपलं गाव कळवा, आमच्याकडून एक दिवस द्यायचा आहे. बिचाऱ्याला चार दिवस काही उलगडा होईना. मग उत्तर आलं. विदर्भातलं कुठलं तरी गाव. त्या गावाचं पान तर दोनच ओळींचं होतं. तू पत्रं पाठवून, फोन करून, त्या गावच्या पोस्टमनला गाठून माहिती जमवलीस आणि ते पान मोठं केलंस. कोश चालवणाऱ्यांनी असं काही कधी सांगितलं नव्हतं. कुठलीच परतफेड नको असते तिथं. ही तुमच्या वाडीची समजुतीची चूक. पण ती चूक ऐकून मी हसलो, आणि मग घरी आल्यावर बायकोला सांगताना माझा आवाज भरून आला. का ते तिलाही कळलं नाही आणि मलाही.

मग मी ते का केलं?

एवढं सगळं डोळ्यांनी बघून का केलं? दोन वर्षं हाच प्रश्न मी मला विचारतोय. एका सकाळी आपलं पुन्हा जुंपलं होतं, एवढंच आठवतं. मी म्हणालो, तुझ्या कोशाला ना दार, ना कुलूप. तू म्हणालास, "आमच्या वाडीत बी कुनाच्या दाराला कुलूप न्हाई. गेलं का कवा कुनाचं काय?" मला राग आला. वाडीतल्या माणसांपेक्षा आम्ही बाजारपेठेतले खालच्या दर्जाचे, असंच तू म्हणालास असं वाटलं. तू चहाला गेलास, म्हणजे त्या दिवशी तू गेलास आणि मी खुर्चीत राहिलो. कोशातलं तुझं खातं उघडंच होतं, ते मी बंद केलं, बिननावानंच तुझ्या वाडीचं पान उघडलं आणि एक ओळ घातली. वाडीच्या वरच्या अंगाला, घाटातून माल वाहणाऱ्या एका इमानी घोड्याची समाधी आहे. आणखी एक ओळ, की गावकरी तिला मानतात.

म्हटलं, बघू किती दिवस टिकतंय. आठ दिवसांत कुणी काढलं नाही तर तुझ्यापुढं ठेवायचं आणि म्हणायचं, हे घे तुझं बिनकुलपाचं घर.

पण आठ दिवस भरायच्या आतच तू घोडेगावला लेकीकडं गेलास आणि आंबेगावच्या बाजूच्या वाड्या लिहीत पावसाळाभर तिकडंच राहिलास. स्वतःच्या वाडीचं पान कोण बघतंय? मीही विसरलो. आणि इकडं नाणेघाट बघायला येणारी शहरातली पोरं-पोरी मोबाइल हातात धरून तुझ्या वाडीत यायला लागली, घोड्याची समाधी विचारत. वाडीला कुठं माहीत असली समाधी? पण मोबाइलवर आहे म्हणजे चिंधूनं लिहिलंय, आणि चिंधूनं लिहिलंय म्हणजे असणारच. आपल्यालाच ठाऊक नव्हती. आलेल्या पाव्हण्याला नाही कसं म्हणायचं? कुणीतरी जांभळाखालचा एक उभा दगड दाखवला. "ह्योच आसंल." त्या दगडाला कुंकू लागलं, मग हार आला.

ह्यातलं मला काही माहीत नव्हतं. मला कळलं ते तुझ्याच बरोबर, जुन्नरच्या हॉलमध्ये. स्थानिक इतिहासावर कार्यक्रम होता. तू हौसेनं मला नेलंस. चौथ्या रांगेत शेजारी-शेजारी बसलो. बाहेरून आलेले प्राध्यापक बोलता बोलता ह्या लोकांनी लिहायच्या कोशावर घसरले. कुणीही उठावं आणि काहीही लिहावं, म्हणाले. आणि मग, "तुमच्याच तालुक्यात एका पोस्टमननं घोड्याची समाधी उभी केली आहे, आता तिची पूजा होते!" सगळा हॉल हसला. पुढच्या रांगेतल्या दोघा-चौघांनी वळून तुझ्याकडं बघितलं.

तू उठलास. टोपी हातात घेतलीस. "चूक झाली सर," म्हणालास. "आमच्या वाडीचं पान हाय, मी ध्यान द्यायला पायजे व्हतं. आज काढतो."

मी तुझ्या शेजारी बसलो होतो चिंधू. माझा गुडघा तुझ्या गुडघ्याला लागत होता. उठून दोन वाक्यं बोलायची होती. मी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

त्यानंतर कितीदा तरी ठरवलं. एकदा तर तूच मला घाटाच्या तोंडाशी घेऊन गेलास, त्या कातळावर, खाली सगळं कोकण पसरलेलं. वारा होता. तू नुसता बसून होतास. मी घसा खाकरला. तू माझ्याकडं वळलास, पुरता वळलास, अंगानं. आणि मी म्हणालो, "चहा घेऊ या का कुठं?"

"घेऊ की," तू म्हणालास. "घाई कुठाय?"

घरी गेल्यावर वहिनीनं चहा दिला. कोंडाजीनं मला बसायला घोंगडी टाकली. येता-जाता बायका, "मास्तर आले व्हय," म्हणून गेल्या. जांभळाखालच्या दगडाला तेव्हाही कुंकू होतं. मी आपलं विचारावं म्हणून विचारलं, तर वहिनी म्हणाली, "लिवल्यालं खोटं निघालं, पर दगडानं काय केलंय? त्याला कशापायी उपाशी ठेवायचं?" मी मान खाली घालून चहा संपवला.

मग तू गेलास. सकाळी वहिनीचा फोन आला, तीन शब्दांचा. आपले वाद अर्धेच राहिले. एक तर तुझा तो संदर्भाचा. तू पडकईवर लेख लिहायला घेतला होतास आणि त्याच्या पहिल्या परिच्छेदालाच कुणीतरी "संदर्भ हवा" अशी खूण चिकटवली होती. म्हणजे कुठल्या पुस्तकात छापलंय ते दाखवा. तू संतापला होतास. "आमची आजी सांगायची त्यो संदर्भ न्हाई व्हय? आमच्यात कुनी छापलं न्हाई म्हंजी आमी बांध घातलेच न्हाईत का?" मी म्हणालो, नियम बरोबर आहे, नाहीतर उद्या कुणीही उठून काहीही लिहील. हे मी म्हणालो, मी! तू माझ्याकडं नुसतं बघितलंस. ते बघणं तेव्हा मला कळलं नाही.

दशक्रियेला कावळा शिवल्यावर रीतीप्रमाणं भाषणं सुरू झाली. आपल्याकडं ती चुकत नाहीत. एक पुढारी तुझ्यावर बोलायला उठले आणि वाडीच्या रस्त्यावर बोलून बसले. मग माइकवाल्यानं माझं नाव घेतलं, "चिंधूभाऊंचे जिवलग मित्र".  माइक हातात धरला आणि म्हणालो, "ती घोड्याची ओळ मी लिहिली होती. चिंधूनं नाही. त्यानं माझ्यापायी भर सभेत मान खाली घातली आणि मी शेजारी गप्प बसलो."

कुणी हललं नाही. ओरडा नाही, कुजबुज नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं.

तेव्हा कोंडाजी पुढं आला. त्यानं माझ्या हातातून माइक काढून घेतला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळू म्हणाला, "ठावं हाय मास्तर. समद्यास्नी ठावं हाय. बसा आता, जेवनं निवत्यात."

मी जेवलो नाही. तुझ्या घरी वहिनीपाशी जाऊन बसलो. ती पदरानं तोंड पुसत सांगत होती, साधं घरातलं काहीतरी सांगावं तसं.

"हालमदनं आले त्या सांजंला समद्यास्नी देवळापुढं बोलावलं त्यांनी. म्हनले, त्ये घोड्याचं खोटं हाय. ज्यानं लिवलंय त्यो मला कळलाय. मी इचारलं, कोन? म्हनले, मास्तर. टिंबाफुडं दोन जागा मोकळ्या सोडल्यात, आक्क्या जुन्नरात दुसरं कोन सोडतंय? लोक लई चिडले व्हते. कोंडाजी तर तवाच निघाला व्हता तुमच्या दुकानाकडं. तर ह्ये म्हनले, कुनी काय बी बोलायचं न्हाई. त्यो आपला मानूस हाय. त्यो सोताहून सांगंल. तवर त्यो वाडीत आला तर च्या द्यायचा, बसाया टाकायचं."

"आणि तुम्ही सगळे दोन वर्षं...?"

"त्यांनी सांगितलं व्हतं ना," वहिनी म्हणाली.

चिंधू, बत्तीस उंबऱ्यांची वाडी. म्हातारी माणसं, पोरंसोरं, माझ्याशी गप्पा मारताना खिदळणाऱ्या त्या तुझ्या भावजया. त्या सगळ्यांना माहीत होतं. मी आलो की घोंगडी टाकत होते तेव्हा माहीत होतं, चहात जास्तीची साखर घालत होते तेव्हा माहीत होतं. दोन वर्षांत एकाचाही तोल सुटला नाही, एका पोराच्या तोंडूनही निघालं नाही. आणि मला वाटत होतं की काहीही लिहावं, कुणाला कळत नाही! कातळावर तू माझ्याकडं का वळला होतास ते मला आत्ता कळलं. माझ्यासाठी तू तिथं सगळं कोकण मांडून बसला होतास, आणि मी चहा मागितला. आयुष्यभर मी लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतोय, खरं सांगतो, शपथेवर सांगतो, खालती सही. एवढी कागदं हाताखालून गेली, पण इतका मोठा विश्वास मी कुठं बघितला नव्हता. मला तेव्हा रडू आलं नाही. मला भीती वाटली, देवळात गाभाऱ्यात एकट्यालाच सोडल्यावर वाटावी तशी.

"वहिनी, मी काय करू सांगा," मी म्हणालो. "वाडी देईल ती शिक्षा घेतो."

ती उठली. आतून तुझी शेवटची वही आणली. पडकईवाली. तू ती अर्धी सोडलीस. जमीन कशी निवडायची, दगड कसा रचायचा, पाणी कुठून काढून द्यायचं, सगळं आहे. शेवटच्या पानावर नवी ओळ सुरू केली आहेस, "पडकईचा पहिला नेम असा की घरटी एक माणूस" आणि पुढं कोरं.

"फुडच्या आठवड्यात कोंडाजीच्या उताराला पडकई हाय," वहिनी म्हणाली. "मातीच्या कामाला आमच्या घरनं मी जाईन. पर ह्यांच्या ह्या कामाला आता घरातनं कोन जानार? मला लिवता येत न्हाई. लेक तिच्या घरची. त्या कोशातली मानसं आपल्या बांधावर येऊन जात्यात आन आपलं घर बंद, आसं चालत न्हाई. घरटी एक मानूस जायाचा नेम हाय मास्तर." तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली. "आमच्या घरचं तुमी जायाचं."

मी शिक्षा मागितली होती.

चार दिवस वही दुकानात नुसती समोर ठेवून होतो. आज सकाळी शटर वर केलं, देवाला उदबत्ती लावली आणि कोश उघडला. पहिल्यांदा स्वतःच्या नावानं खातं काढलं, पूर्ण नावानं. तुझ्या वाडीच्या पानामागं चर्चेचं पान असतं. तिथं लिहिलं, की घोड्याची ओळ माझी होती, चिंधूचा तिच्याशी काही संबंध नाही, आणि त्यानं ती काढताना जी चूक स्वतःवर घेतली तीही माझीच होती. खाली नाव. हे आता तिथं राहील. मी मेल्यावर बी राहील.

मग तुझी वही टाइप केली. तुझी अर्धी ओळ पुरी केली. कोरं होतं तिथं वहिनीचंच बोलणं घातलं. संदर्भ मागतील, मागू दे. भांडू आपण. ह्या खेपेला मी तुझ्या बाजूनं आहे, उशीर झाला तरी.

सगळं झाल्यावर वर जाऊन पहिल्या ओळीपासून तपासलं. प्रत्येक पूर्णविरामापुढं माझ्या बोटांनी दोन जागा सोडल्या होत्या. तुझं स्टूल जवळ ओढलं, त्यावर बसलो, आणि तू पुसायचास तशी दुसरी जागा एकेक करून पुसत आलो. बराच वेळ लागला. चहावाला येऊन गेला, मी मान वर केली नाही.

जतन करायच्या आधी कोश एक लहानसा रकाना पुढं करतो आणि विचारतो, बदल कशासाठी केला. तो रिकामा सोडला तरी चालतो. मी लिहिलं, "चिंधूच्या घरून आलो आहे."